साप मारणे पाप आहे काय?

हा प्रश्न माझा नाही. आपल्या धर्मग्रामातल्या चौथीत शिकणाऱ्या एका मुलाचा आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याने फादरांना चर्चच्या पायऱ्यांवरच गाठले आणि विचारले, "फादर, साप मारला तर कन्फेशनमध्ये सांगावं लागतं का?" आजूबाजूची मंडळी हसली. फादर मात्र हसले नाहीत. "कोणता साप आणि का मारला, ते आधी सांग," असे म्हणत ते त्याला बाजूला घेऊन गेले. त्यांचे पुढे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. पण तो प्रश्न कुठून आला हे मला ठाऊक होते, कारण आदल्याच रात्री आम्ही तीसेक जण भुकूमला गेलो होतो आणि त्या मुलाच्या शेजारी मीच चालत होतो.

भुकूम बऱ्याच वाचकांना रस्त्यावरची पाटी म्हणून ठाऊक असेल. चांदणी चौक सोडून पौड रस्त्याला लागले की आधी भूगाव, मग भुकूम आणि पुढे पिरंगुट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता इमारती, हॉटेले आणि लग्नाची लॉन्स दिसतात. पण आत वळले की भातखाचरे आणि खाटपेवाडीच्या बाजूचे डोंगर अजून आहेत. आपली रामनदी तिकडेच उगम पावते. पुढे भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर, औंध करत ती मुळेला मिळते. बाणेरला नाक दाबून जिचा पूल ओलांडतो, त्या नदीचे पाणी तिथे स्वच्छ वाहताना पाहून आमच्यातल्या काही जणांना खरेच वाटेना.

सहलीची कल्पना युवक मंडळाची. धर्मशिक्षण वर्गातल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना रात्रीच्या वेळी बेडूक, सरडे आणि साप त्यांच्या घरी जाऊन दाखवायचे. बरोबर एक अनुभवी सर्पमित्र होते. मुले त्यांना 'दादा' म्हणत होती. निघण्यापूर्वी दादांनी सगळ्यांना रिंगणात उभे करून बजावले की कुठल्याही प्राण्याला हात लावायचा नाही, दगड उचलला तर तो तसाच अलगद परत ठेवायचा, प्राण्याच्या डोळ्यांवर प्रकाश धरून ठेवायचा नाही, आणि बूट घातल्याशिवाय व बॅटरीचा उजेड टाकल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही. एका वडिलांनी विचारले, "पण साप दिसला तर तुम्ही पकडून दाखवाल ना?" दादा नाही म्हणाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून खेळ करायला बंदी आहे, हे त्यांनी सांगितलेच. पण पुढे म्हणाले, "कायदा नसता तरी मी पकडला नसता. आपण त्याच्याकडे आलोय, त्यानं आपल्याला बोलावलेलं नाही." मुलांची थोडी निराशा झाली. पालकांची जास्त झाली!

जून अखेरचे दिवस होते. जोराचा पाऊस होऊन दोन-तीन दिवस झालेले. खाचराच्या बांधावर पोचलो तर बेडकांचा एवढा गलका की शेजारच्याशी मोठ्याने बोलावे लागत होते. एरवी शेवाळी रंगाचा असणारा तो मोठा बेडूक, ज्याला 'इंडियन बुलफ्रॉग' म्हणतात, त्याचे नर लिंबासारखे पिवळेधमक झाले होते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून माद्यांना हाका मारत होते. वर्षातले थोडेच दिवस त्यांचा हा थाट असतो. पुढे चढावर झुडपांतून बारीक 'टिक टिक' ऐकू येऊ लागली. बऱ्याच शोधानंतर एका पानावर अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक दिसला. या झुडपी बेडकांच्या अंड्यांतून टॅडपोल बाहेर येत नाही, थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. त्यामुळे त्यांना डबक्याची गरजच पडत नाही. याच कुळातली एक जात आपल्या उत्तर सह्याद्रीतून २०१३ साली पुण्याच्या अभ्यासकांनी शास्त्राला नव्याने कळवली आणि पुण्यातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. हेमंत घाटे यांचे नाव तिला दिले. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण घराजवळच्या झुडपातल्या बेडकाला नाव मिळायला २०१३ साल उजाडले!

त्यानंतर एका फांदीवर झोपलेला हरणटोळ पाहिला. पोपटी दोरी ठेवावी तसा. आणि परतीच्या वाटेवर, बांधाच्या कडेला, दादांनी एकदम हात वर करून सगळ्यांना थांबवले. पाच-सहा हातांवर घोणस होती. जाडजूड अंग, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके. ती जागची हलली नाही. फक्त कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा आवाज करू लागली. आम्ही दहा पावले मागे सरलो. आवाज थांबला. थोड्या वेळाने ती गवतात निघून गेली. तो चौथीतला मुलगा माझा हात घट्ट धरून उभा होता. त्याने हळूच विचारले, "काका, देवानं हिला विष कशाला दिलं?" मी म्हणालो, उंदीर पकडायला. उत्तर खरे होते, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही, आणि माझेही नाही.

ज्यांच्या शेतातून आम्ही गेलो त्या मावशींनी चहा ठेवला होता. ओट्यावर बसून मुले उत्साहाने पाहिलेल्या प्राण्यांची नावे सांगत होती. घोणशीचे नाव निघताच मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुमी बघाया आलाय. आमाला तिच्यासंगं राहायाचं हाय." त्यांचा धाकटा दीर काही वर्षांपूर्वी संध्याकाळी वैरण आणताना घोणस चावून गेला. आधी देवऋषाकडे नेले होते, दवाखान्यात पोचायला उशीर झाला. एवढे सांगून त्यांनी आणखी चहा हवा का म्हणून विचारले. आमच्या पायांत नवे गमबूट होते आणि मावशी अनवाणी होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

गाडीत बसल्यावर मला माझ्या लहानपणची एक गोष्ट आठवली. आमच्या अंगणात एक लांबच लांब पिवळसर साप निघाला होता. वडिलांनी आणि शेजारच्या काकांनी तो काठ्यांनी मारला. आम्ही मुलांनी तो मेल्यावरही दगड मारले. त्याची लांबी मोजली आणि शाळेत फुशारकी मारली. आता चित्रे पाहिल्यावर कळते की ती धामण होती, बिनविषारी. कोणाचे काही वाकडे न करता ती उंदरामागे आली असणार.

अशा वेळी आपण ख्रिस्ती माणसे पटकन उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाकडे धावतो. सापाने हव्वेला फसवले, देवाने त्याला शाप दिला, तेव्हा साप म्हणजे सैतान आणि त्याला ठेचणे म्हणजे जणू भक्तीच. पण तोच ग्रंथ पहिल्या अध्यायात सांगतो की भूमीवर सरपटणारे प्राणी देवानेच केले आणि ते चांगले आहे असे पाहिले. पुढे नोहाच्या तारवात सरपटणाऱ्यांनाही जागा मिळाली. जलप्रलय ओसरल्यावर देवाने मेघधनुष्याच्या साक्षीने जो करार केला तो केवळ नोहा आणि त्याच्या मुलांशी नाही, तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी आहे. हे वाक्य मी कित्येकदा मिस्सेत ऐकले होते. भुकूमहून परतल्यावर पुन्हा वाचले तेव्हा प्रथमच त्यात घोणस दिसली. नीतिसूत्रांचा तिसावा अध्याय तर घरी अवश्य काढून वाचावा. आपल्याला न उमगणाऱ्या चार अद्भुत गोष्टींत खडकावरून जाणाऱ्या सापाचा मार्ग तिथे धरला आहे, आणि पृथ्वीवरच्या लहान पण शहाण्या प्राण्यांत राजवाड्यात राहणाऱ्या पालीला मान दिला आहे. आपण मात्र तिला झाडूने हाकलतो.

प्रेषितांच्या कृत्यांतला मेलिता, म्हणजे आजच्या माल्टा बेटावरचा प्रसंगही येथे बोलका आहे. पौल शेकोटीत काटक्या टाकत असताना साप त्याच्या हाताला डसला. लोक आधी म्हणाले, हा खुनी असला पाहिजे. पौल मेला नाही तेव्हा म्हणाले, हा देव आहे. दोन्ही निवाडे चुकले. साप चावणे हा कोणाच्या पापाचा निकाल नव्हता आणि वाचणे हे देवपणाचे प्रमाणपत्र नव्हते. मावशींच्या दिराला जेव्हा आधी देवऋषाकडे नेले तेव्हा तिथेही अशाच काही समजुती काम करत असणार. आपल्यातही नवस आणि अंगारा यांच्या नादाने दवाखाना उशिरा गाठणारे नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय?

मग साप मारू नये ते का? शाळेपासून आपल्याला शिकवलेले उत्तर म्हणजे 'साप हा शेतकऱ्याचा मित्र आहे', तो उंदीर खातो, धान्य वाचवतो. उत्तर खोटे नाही आणि त्याने कामही केले आहे. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या जात. ती निर्यात १९८७ साली बंद झाली, त्यामागे बेडूक पिकांवरची कीड खातात हा विचार मोठा होता. तरीही हे उत्तर मला अपुरे वाटते. कारण त्यात प्राण्याचा जगण्याचा हक्क आपल्या जमाखर्चावर ठरतो. उद्या उंदरांवर अधिक स्वस्त औषध निघाले तर धामणीचे काय? आणि देवगांडुळाचे काय? हा बिनपायांचा उभयचर मातीखाली राहतो, दिसायला गांडुळासारखा, आणि आयुष्यभर बहुतेकांच्या दृष्टीसही पडत नाही. आपल्या खंडाळ्याच्या डोंगरातल्या एका देवगांडुळाला शास्त्रीय नाव मिळाले ते १९६० साली. त्याचा आपल्याला उपयोग काय, असे विचारले तर मला उत्तर देता येणार नाही. पण आपल्यापैकी कोणी त्या डोंगरात पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे होता आणि त्याच्या कर्त्याला तो ठाऊक होता.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ, ज्याला आपण कॅटेकिझम म्हणतो, तो नेमके हेच सांगतो. प्राणी केवळ आपल्या असण्यानेच देवाची स्तुती करतात आणि माणसाने त्यांच्याशी दयेने वागले पाहिजे, असा परिच्छेद २४१६ चा आशय आहे. अन्न-वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे, असे पुढचा परिच्छेद सांगतो. त्यानंतरचा म्हणतो की गरज नसताना त्यांना क्लेश देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. हे परिच्छेद 'खून करू नको' या पाचव्या आज्ञेखाली असतील अशी माझी समजूत होती. ते आहेत सातव्या आज्ञेखाली, 'चोरी करू नको'! म्हणजे विनाकारण धामण मारणे हा खून नव्हे. साप माणसाच्या बरोबरीचा नाही, आणि तसे मानणे आपल्या श्रद्धेत बसतही नाही. पण सृष्टी ही मागच्या, आजच्या आणि उद्याच्या सर्वांसाठी दिलेली ठेव आहे, आणि तिच्यातून गरज नसताना काही हिरावून घेणे ही एक प्रकारची उचलेगिरी आहे. या हिशेबाने आम्ही त्या दिवशी अंगणात कोणाचे तरी काही चोरले होते.

पाळण्याजवळ मण्यार निघाली असती आणि वडिलांनी तिला मारले असते तर? मला वाटते, तिथे जवळ सर्पमित्र नसताना बापाने काठी उचलली तर त्याला कोणी दोष देऊ नये. 'गरज' हा शब्द त्यासाठीच आहे. पण गरज आणि भीती यांत अंतर आहे. ते ओळखायला साप ओळखावा लागतो. महाराष्ट्रात सापांच्या पन्नासाहून अधिक जाती आहेत. माणसे दगावतात ती प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांमुळे. एवढी चार चित्रे जरी प्रत्येक घरातल्या मुलांनी नीट ओळखली तरी पुष्कळ धामणी वाचतील. सापांविषयीची भीती घालवण्यासाठी पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. छेडल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना दाखवायचे होते. पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले त्यातही त्यांचाच पुढाकार होता. त्यांच्या धाडसाला नमस्कार. मात्र हल्ली सापाच्या फण्याची पापी घेतानाचे फोटो काढणारे जे तरुण दिसतात ते त्यांचे वारस नव्हेत, असे मला वाटते.

इथवर लेख संपवता आला असता. पण मावशींचे वाक्य तसे करू देत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. त्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालची मुले होती. बहुतेक सगळे खेड्यापाड्यांतले. अनवाणी भातलावणी करणारे, जमिनीवर झोपणारे, अंधारात वैरण आणायला जाणारे. प्रतिविषाचे इंजेक्शन उपलब्ध असताना ही माणसे मेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला 'दुर्लक्षित आजारां'च्या यादीत घातले ते २०१७ साली, आणि आपल्या केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला तो २०२४ साली. दुर्लक्षित कोण, आजार की माणसे, हे आपण समजू शकतो.

तेव्हा शहरातून गमबूट घालून येऊन घोणशीच्या पाठीवरची नक्षी वाखाणणाऱ्या माझ्यासारख्याने मावशींना 'साप मारू नका' असा उपदेश करायचा, तो कोणत्या तोंडाने? तिच्या सौंदर्याचा आनंद माझा आणि तिच्या विषाची किंमत मावशींच्या घराने मोजायची, हा वाटा न्याय्य नाही. इथेही कॅटेकिझमची ती सातवी आज्ञाच माझ्या मदतीला आली. गरिबांवरील प्रेमाचा भागही त्याच आज्ञेखाली आहे, थोडी पाने उलटली की येतो. प्राण्यांविषयीच्या परिच्छेदातच असाही इशारा आहे की माणसांच्या दुःखनिवारणासाठी प्राधान्याने जायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले. त्याचा अर्थ मला त्या ओट्यावर कळला. घोणशीला जगू द्या म्हणायचे असेल तर शेतातल्या माणसाच्या पायांत बूट, हातात बॅटरी, अंगाखाली खाट आणि वर मच्छरदाणी कशी येईल, आणि साप चावलाच तर जखम न कापता, आवळून न बांधता, तो भाग न हलवता थेट इंजेक्शन असलेला दवाखाना कसा गाठता येईल, हेही त्याच दमात विचारायला हवे. नाही तर आमची सृष्टीची काळजी म्हणजे मावशींच्या खर्चाने केलेली सहल.

असो. त्या चौथीतल्या मुलाला मी नंतर विचारले, फादर काय म्हणाले? तो म्हणाला, "ते मी सांगणार नाही. ते कन्फेशनसारखंच असतं." फार आग्रह केला तेव्हा एवढेच कळले की त्याने स्वतः साप मारला नव्हता. त्याच्या आजोबांनी मारला होता, आणि त्यांच्यासाठी काय करता येईल ते त्याला विचारायचे होते.

आमच्या युवक मंडळाने भातकापणीच्या आधी वर्गणी काढली आणि त्या वस्तीवर बारा बॅटऱ्या आणि काही गमबुटांचे जोड नेऊन दिले. मावशींनी बॅटरी हातात घेतली, लावून पाहिली, दोनदा बंद-चालू केली. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "ब्याटरी दिली, लई चांगलं केलं. पर ह्यातलं सेल संपल्यावर काय करायाचं?"